फाटकाबाहेरची हाक

करंजमळ्याच्या हायस्कुलातली पोरं म्हणायची, लालासाहेब बाबर सरांना खुर्ची चावते. सर भूगोल शिकवायचे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, हे दाखवायला त्यांना चेंडू लागायचा नाही की बॅटरी. सर स्वतःच फिरायचे. फळ्याकडून खिडकीकडे, खिडकीतून बाहेर कुणाचं तरी ढोर हाकलून परत, मागच्या बाकावर कुणाच्या तरी टाळक्यात टपली आणि लगेच फळ्याशी. वर दर वाक्याला शेपूट, "कळ्ळं? व्हय का न्हाई?" पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भिंगरी. सरांना ते ठाऊक होतं. भिंगरीला नावानं काय फरक पडतो, ती आपली फिरते.

हजेरीत एखादं पोर कमी दिसलं की सरांच्या पायात वीज शिरायची. वर्ग मॉनिटरच्या ताब्यात, गाडीला किक, आणि थेट त्या पोराच्या दारात. दारात म्हणजे फाटकाबाहेर. आधी तीन हॉर्न. पीं, पीं, पींऽऽ. मग सरांचा गळा, "आवंऽऽ, हाय का कोन घरात? लेकरू शाळंला का न्हाई आज? का शाळा चुलत्याच्या घरची हाय, मनात आलं तर जायाचं?"

तेवढ्यात सगळी आळी दारात. कुणी मिश्री लावता लावता, कुणी पिठाच्या हातानं. बाप आतून धोतर सावरत बाहेर. "सर, हळू की वो. पाठवतो की. लोकं बघाल्यात."

"बघू देत की! म्हनून तर वरडतोय!"

सरांची सगळी विद्या ह्या एका वाक्यात होती. घरच्यांना आळीसमोर लाज आणायची, म्हणजे पोर बाहेर पडतं. आणि पडायचंही. मान खाली घालून गाडीवर मागं बसायचं, नि सर लढाई जिंकल्यासारखे गावातून मिरवत शाळेत यायचे. ऊसतोडीच्या टोळीतली, मेंढरांमागची, लग्नाला आली म्हणून घरी बसवलेली अशी कितीतरी पोरं-पोरी त्यांनी ह्या एका हॉर्नवर परत आणली होती. ही विद्या अडली ती एकाच ठिकाणी. अंकितापाशी.

अंकिता नववीत. आईबाप कोइमतूरला. विट्याकडच्या बऱ्याच लोकांसारखा बापाचा तिकडं सोनं गाळायचा गलाईचा धंदा. ही इथं आजोबांपाशी, आप्पासोंपाशी राहायची. नकाशा तर असा काढायची की सर तो वर्गभर फिरवत आणि म्हणत, "हे बघा, नदी अशी वळती. तुमच्यागत सुतळी सोडल्यागत न्हाई." गणपती बसले, गणपती गेले, आणि अंकिता शाळेत यायची बंद झाली. सर गाडी घेऊन गेले. हॉर्न झाला, हाक झाली, आळी जमली. अंकिता काही दिसेना. गोठ्यात म्हशीच्या पलीकडं एका वेणीचं टोक तेवढं दिसलं, तेही लगेच नाहीसं झालं.

आप्पासो बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "सर, गळा नका काढू. पोरीचं मन न्हाई शाळंत. दिवाळी झाली की धाडतो कोइमतूरला. आई एकटी पडतीया."

"आन शाळा?"

"शाळा काय, तिकडं बी असती."

'तिकडं बी असती' म्हणजे काय, हे सरांना चांगलंच माहीत होतं. अंकिताच्या थोरल्या बहिणीलाही असंच धाडलं होतं. तिला तिकडची शाळा सापडायच्या आधी नवरा सापडला होता. सर चारदा गेले असतील. दर वेळी आवाज चढवला, आणि दर वेळी वेणी म्हशीआड.

ह्या धामधुमीत सरांची निवड झाल्याचं कळलं. एक संस्था शिक्षकांना परदेशात पाठवत होती. दोन आठवडे तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहायचं, ते खातील ते खायचं, त्यांच्या शाळेत बसायचं, शिकून परत यायचं. देश निघाला एस्टोनिया.

पारावर आप्पासोंनी डोळे बारीक केले. "काय म्हनला? एस्टीनं या?"

"एस्टोनिया, आप्पा. देश हाय तो. रशियाच्या कडंला."

"मंग एस्टीनंच जावा की. इमान कशाला बिघडवताय?"

सगळा पार खिदळला. तरी संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. सर गॉगल लावून, मागं विमान, वर लिहिलेलं 'करंजमळ्याचा वाघ निघाला परदेशी'. वाघानं स्वतः तो फ्लेक्स तीनदा जाऊन बघितला, आणि दर वेळी नजर घसरून समोरच्या आप्पासोंच्या आळीकडं गेली.

जायच्या आधी पाचगणीत बैठक झाली. तिथल्या एका बोर्डिंग शाळेतल्या अपूर्वा मॅडमही बरोबर येणार होत्या. मॅडमचं मराठी इस्त्री केलेलं. "सर, इमर्शन म्हणजे आपण त्यांच्या कल्चरमध्ये अगदी बुडी मारायची."

"मारतो की बुडी. येरळेला पानी असायचं तवा पवायला शिकलोय मी."

"पण वर्गात आपण फक्त बघायचं हं. बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. जस्ट ऑब्झर्व्ह."

सरांना ती शिक्षा सुनावल्यासारखी वाटली.

एस्टोनियात पहिल्यांदा कानाला लागली ती शांतता. बसमध्ये शांतता, दुकानात शांतता. काद्री म्हणून तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्याच घरी सरांची राहायची सोय होती, आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावरही शांतता. काद्रीबाईंचा नवरा बटाटा खायचा आणि बटाट्याकडंच बघायचा. सर विचारायचे, "युवर फार्म? हाऊ मेनी एकर?" नवरा जरा विचार करून म्हणायचा, "नो फार्म." खल्लास. पुन्हा बटाटा.

शाळेत बूट बाहेर काढून सपाता घालायच्या. सरांना मागं एक खुर्ची दिली. वर्ग आपल्या कामात. पोरं मध्येच उठून पाणी पितात, खाली बसून लिहितात, आणि बाई हळू आवाजात बोलतात. बाहेरचा माणूस वर्गात आला की पोरांनी उभं राहून नमस्ते म्हणायचं असतं, म्हणून सर पहिल्या दिवशी दारात जरा थांबले होते. कुणी उठलं नाही. सर आपलं आपण बसले. बसले म्हणजे काय, उजवा गुडघा लागला हलायला. टकटक टकटक. पुढच्या बाकावरची भुऱ्या वेणीची पोरगी मागं वळली. सरांच्या गुडघ्याच्या धक्क्यानं तिच्या बाकावर पेन आपोआप चालत होतं. लीस तिचं नाव. ती त्यांच्याकडं बघून हसली आणि नकाशाच काढत बसली.

सकाळी निघायच्या आधी सर गावच्या शाळेतल्या पी.टी.च्या शंभूराज सरांना फोन लावायचे. तिकडं प्रार्थनेची वेळ.

"आली का?"

"न्हाई, सर. तुमी काय बघताय तिकडं?"

"खुर्ची बघतोय. तू आप्पासोंकडं गेलतास का?"

"मी जाऊ व्हय? हॉर्न वाजवू?"

"नको. तुझा हॉर्न बारीक हाय."

रोज हाच फोन. रोज "न्हाई". सर खिडकीतून बर्चची झाडं बघायचे आणि पाय हलवायचे. दोन आठवडे म्हणजे किती, तर अंकिताची पिशवी भरून होईल एवढे.

मग लीस आली नाही. एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा. बाकडं रिकामं. बाईंनी कॉम्प्युटरकडं नजर टाकली आणि धडा सुरू केला. सरांच्या पायात वीज शिरली.

मधल्या सुट्टीत त्यांनी अपूर्वा मॅडमना गाठलं. "पोरगी तीन दिस न्हाई. कोन गेलं बघाया?"

"सर, घरच्यांनी कळवलं असेल ना. यांचं सगळं ऑनलाइन असतं."

"कळवलं असंल म्हंजे? बघून आलं कोन?"

"सर, प्लीज. जस्ट ऑब्झर्व्ह."

सरांनी ऑब्झर्व्ह केलंच होतं. काद्रीबाईंबरोबर चालत येताना लीसला एका पिवळ्या लाकडी घरात शिरताना त्यांनी बघितलं होतं. शाळा सुटायच्या आत ते निघाले. कोटाच्या खिशात बायकोनं दिलेले रव्याचे लाडू. सपाता बदलायचं राहिलं, ते त्यांना वाटेत कळलं.

पिवळ्या घराच्या फाटकापाशी सफरचंदांचं खोकं ठेवलेलं होतं, ज्याला पाहिजे त्यानं न्यावीत म्हणून. हॉर्नला गाडी नव्हती. गळा होता. सरांनी छाती भरून घेतली.

"लीऽऽस! ओ लीऽऽस! हॅलो! एनीबडी घरात? स्कूल! कम!"

कुणी बाहेर आलं नाही. आळी नावाची चीजच नव्हती तिथं. शेजारच्या घराला कुंपण, कुंपणाला हिरवळ, हिरवळीवर एक मांजर. पण पडदा हलला. सरांचा जीव भांड्यात पडला. हाय की घरात! अंकिताकडं ते पुढून जमलं नाही की मागल्या दारानं जायचे. इथंही वळसा घातला. स्वयंपाकघराच्या खिडकीवर बोटं वाजवली, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. "लीस! डोन्ट फियर! आय ॲम टीचर! लाडू!"

भिऊ नको, हे जगात कुणीही एवढ्या मोठ्यानं सांगितलं नसेल.

गाडी आली ती लीसच्या आईची. बाई दार उघडं टाकून, सरांना ढकलून घरात पळाली. पाठोपाठ काद्रीबाई. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सरांना काही तरी बोलता आलं असतं. "मिस्टर बाबर," त्या हळू म्हणाल्या, "कारमध्ये बसा."

शाळेच्या ऑफिसात खुर्ची होतीच. काद्रीबाईंनी सावकाश इंग्रजीत सांगितलं. लीसचा घसा सुजलाय. आईनं पहिल्याच दिवशी कळवलंय. दुपारी ती घरी एकटी असते, ते इथं चालतं. तिला एक अनोळखी माणूस खिडकीखिडकीतून हाका मारताना दिसला. ती कपाटात शिरून बसली आणि तिथून आईला फोन केला.

"कपाटात?" सर म्हणाले.

"कपाटात."

सरांचा गुडघा थांबला. पहिल्यांदाच.

"तुम्ही त्या मुलीला विचारलं होतं, तुम्ही यावं का?"

"तिला काय विचारायचं?" सर म्हणाले. "ती लहान आहे. शाळेत आणणं माझं काम."

काद्रीबाईंनी त्यावर वाद घातला नाही. संस्थेला कळवावं लागेल, म्हणाल्या. कदाचित लवकर परत पाठवतील. लीसच्या आईनं होकार देईपर्यंत वर्गात पाय ठेवायचा नाही. ग्रंथालयात बसा.

बाहेर अपूर्वा मॅडम उभ्या होत्या. रागानं त्यांची इस्त्री पार गेली होती. "काय करून बसलात, सर? अहो, आपल्या दोघांनाही हाकलतील ना!"

"मॅडम, मी खरं म्हंजे..."

"काही खरं म्हंजे नाही. बसा तिकडं जाऊन."

सर बसले. दिवसभर बसले, दुसऱ्या दिवशीही. डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स. वाघ परत येणार, सपाता घालून. शंभूराजला फोन लावला तर त्याचं तेच, "न्हाई, सर. आन आप्पासो म्हनले तिकीट बघायला लागलोय." सरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, उघडलं. उठून खिडकीपर्यंत जायची सोय होती. पण उठले की कपाट आठवायचं आणि परत बसायचे.

मग लीस बरी झाली आणि तिनंच आईला सांगितलं, मला त्या माणसाला एक विचारायचंय. दोघी ग्रंथालयात आल्या. काद्रीबाई दुभाष्या. सर उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, चुकलं माझं, बाळ. हे त्यांनी मराठीतच म्हटलं, पण काद्रीबाईंनी ते न विचारता तिच्या भाषेत सांगितलं.

लीसनं विचारलं, "एवढ्या मोठ्यानं का ओरडत होता?"

सरांनी खरं सांगितलं. "आमच्याकडं तसं करतो. सगळ्यांना ऐकू जातं. मग आईबापांना लाज वाटते आणि ते मुलाला पाठवतात."

काद्रीबाईंनी सांगितलं. लीसनं कपाळाला आठी घातली. मग ती काहीतरी बोलली, आणि काद्रीबाई जरा थांबून म्हणाल्या, "ती विचारते, मग त्या मुलाला लाज वाटत नाही का?"

सरांच्या तोंडी शेपूट तयार होतं, व्हय का न्हाई. ते बाहेर पडलं नाही. म्हशीच्या पलीकडचं वेणीचं टोक समोर आलं. आतापर्यंत त्यांना वाटायचं, ते टोक आप्पासोंना भिऊन लपतंय.

लीसच्या आईनं होकार दिला. लीसनं एक अट घातली, की त्यांनी पाय हलवून बाकडं हलवायचं नाही. उरलेले दिवस सर वर्गात गुडघ्यावर हात दाबून बसले. संस्थेनं समज दिली, परत पाठवलं नाही. अपूर्वा मॅडम विमानतळावर म्हणाल्या, "सर, इतके शांत? तुम्हाला बरं नाहीये का?"

"बुडी मारलीया मॅडम. वर यायला टाइम लागतो."

गावात ताशा, फेटा, शाल, नारळ. सरपंचांनी माईक पुढं केला. "सर, तिकडनं काय शिकून आला, ते सांगा दोन शब्दांत."

"बसायला," सर म्हणाले.

गाव पोट धरून हसलं. सरांनी जास्त सांगितलं नाही. फेटा उतरवला आणि चालत आप्पासोंच्या आळीकडं निघाले. गाडी घेतली नाही. फाटकापाशी आल्यावर गळा आपोआप फुगला होता, तो त्यांनी गिळला आणि कडी वाजवली.

आप्पासो दचकले. "सर? गाडी कुटं हाय? आवाज न्हाई काय न्हाई. थंडीनं गळा गोठला का काय तिकडं?"

"आप्पा, अंकिताला दोन शब्द इचारायचे हायती. ती हो म्हनली तर."

"तिला काय इचारायचं?" आप्पासो म्हणाले.

हे वाक्य काद्रीबाईंसमोर कुणी म्हटलं होतं ते सरांना ठाऊक होतं. काही न बोलता ते उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसले. बसून राहिले. आतल्या खोलीत भरलेली पिशवी दिसत होती. गुडघा हलायला लागला, तो हातानं दाबला. आळीतून कुणी डोकावलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतंच. बऱ्याच वेळानं अंकिता गोठ्यातून बाहेर आली. शेणाचे हात तसेच.

"तुला कोइमतूरला जायाचंय का, अंकिता?"

एक गोष्ट सरांनी आयुष्यात पहिल्यांदा केली, उत्तराची वाट बघितली.

मग अंकितानं ओठ पुढं काढले. "पीं, पीं, पींऽऽ." हुबेहूब. गाडीचा कर्कश्श शेवटसुद्धा. आणि लगेच छाती फुगवून, "आवंऽऽ, हाय का कोन घरात? का शाळा चुलत्याच्या घरची हाय? कळ्ळं? व्हय का न्हाई?"

आप्पासोंच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली.

"समदी आळी असं करती मला," अंकिता म्हणाली. "वर्गात गेले तर मागनं पोरं बी हॉर्न वाजवतील तोंडानं. गणपतीच्या टायमाला माझं पोट दुखत हुतं म्हनून एक दिस न्हाई आले. एकच दिस, सर. तुमी आला आन सगळ्यांसमोर... मंग दुसऱ्या दिवशी यायला नगं वाटलं. मंग तिसऱ्या. मंग आजोबा म्हनले, शाळंत मन न्हाई तर चल कोइमतूरला."

"मला तर रोज पोटाचंच सांगत हुती ही, म्हनून वाटलं शाळंत मन न्हाई," आप्पासो पुटपुटले.

इतके दिवस ज्या पोरीला सर परत आणायला बघत होते, तिला घालवलं होतं कुणी, ते त्यांना आता ऐकू आलं. स्वतःच्याच आवाजात. "मी चुकलो," ते म्हणाले. शेपूट नाही, काही नाही.

"मला न्हाई जायाचं कोइमतूरला," अंकिता म्हणाली. "पन तुमच्या गाडीवर बी न्हाई यायचं."

आप्पासोंनी तंबाखू थुंकली, पिशवीकडं बघितलं, नातीकडं बघितलं. "बरं. सोमवारी आपल्या पायानं गेली, तर ऱ्हाईल हितं. न्हाई गेली तर तिकीट. पन सर, तुमी न्यायला यायचं न्हाई. हाक बी मारायची न्हाई."

"न्हाई मारत."

सोमवारी प्रार्थना झाली. हजेरी झाली. अंकिताच्या नावाला कुणी 'हजर' म्हटलं नाही. सगळा वर्ग सरांच्या खिशाकडं बघायला लागला, जिथं गाडीची चावी असायची. मॉनिटर तर पुढं येऊन उभाच राहिला, वर्ग ताब्यात घ्यायला.

"बस खाली," सर म्हणाले. आणि स्वतःही बसले. खुर्चीवर. वर्गात कुजबुज पसरली. भिंगरीला मोडलं कुणी? सरांनी वारे शिकवायला घेतले, बसून. मोसमी वारे, परतीचे वारे. नजर दाराकडं जायची, आणि ते ती पुस्तकात आणून टाकायचे. गुडघ्यावर हात होता. हाताखाली गुडघा नुसता तडफडत होता. खिडकीबाहेर कुणाचं तरी ढोर शिरलं. सर उठले नाहीत. परतीचे वारे तिसऱ्यांदा शिकवून झाले.

दारात सावली पडली. सर मान वर करणार, तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी ओठ पुढं काढायला लागलं. अंकितानं ते दारातूनच बघितलं. आणि त्याच्या आधी, वर्गभर घुमेल असं, तिनंच वाजवलं.

"पीं, पीं, पींऽऽ! आवंऽऽ, हाय का कोन वर्गात?"

वर्ग फुटला. हसता हसता पोरं बाकांवर आडवी झाली. मागच्या बाकावरचे पुढं काढलेले ओठ तसेच राहिले, त्याच्या हॉर्नला आता कोण विचारणार होतं?

सर खुर्चीतच होते. दोन्ही हातांनी टेबल धरून.

"हाय," ते म्हणाले. "ये, आत ये. आन नकाशा काढायला घे, ह्यांनी नद्यांची सुतळी करून ठेवलीया."